नऊ शिमग्यांची साक्ष

सुजल भुवडनं बॅटरी चोरली, यात वाद नव्हता. कातळवण्याच्या टेकाडावर पुण्याच्या एका कुटुंबाचा बंगला आहे, वर्षातले दहा महिने बंद. त्याच्या मागच्या पडवीची कडी काढून सुजलनं आतली बॅटरी उचलली, खांद्यावर मारली आणि आपल्या टेम्पोला बसवली. टेम्पोची स्वतःची बॅटरी ऐन आंब्याच्या दिवसांत बसली होती. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. बंगल्याच्या कॅमेऱ्याला चेहरा दिसला नव्हता, पण हल्लीच्या कॅमेऱ्यांना चेहरा लागत नाही, माणूस चालीवरून कळतो. सुजलनं आढेवेढे घेतले नाहीत. "नेली. मीच नेली," म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

वाद होता तो वेगळाच. ही चोरी त्याची पहिली होती का?

कायद्यानं माणसं फार पूर्वीपासून दोन रांगांत उभी केली आहेत. एक पहिल्यांदा चुकलेल्यांची, दुसरी सराईतांची. पहिल्या रांगेतल्याला न्यायाधीश समज देतो, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतो आणि घरी धाडतो. दुसऱ्या रांगेतल्याला घर लवकर दिसत नाही. पूर्वी ही रांग कागदावरून ठरायची. आधी शिक्षा झालीय का? नसेल तर पहिला. त्यात अशी गंमत होती, की वीस घरं फोडून एकविसाव्या घरी सापडलेलाही पहिलाच ठरे, आणि पोरवयात दोनदा पकडला गेलेला जन्मभर सराईत राही. कागदाला फक्त सापडणं दिसायचं, करणं दिसायचंच नाही.

मग शास्त्रज्ञांना घडी सापडली.

आपण एखादं काम पहिल्यांदा करतो तेव्हा मेंदू त्याच्या प्रत्येक पायरीवर जागा असतो. कडी, पाऊल, वजन, वळण, सगळं सुटं सुटं. तेच काम पुन्हा पुन्हा केलं की मेंदूच्या खोल गाभ्यात त्या पायऱ्यांची मिळून एक घडी पडते. सुरुवातीला एक ठिणगी, शेवटी एक ठिणगी, आणि मधलं सगळं न बघता. बाई गप्पा मारत भाकरी थापते, निऱ्या न मोजता लुगडं नेसते, ती या घडीच्या जोरावर. ही घडी डोक्यावर टोप चढवून बाहेरून वाचता येते हे कळलं, आणि पाच वर्षांपूर्वी कायदा आला. आरोपीला टोप घालायचा, डोळ्यांना चष्मा, हातांत तारांचे मोजे. चष्म्यात गुन्ह्याची जागा दिसते. तिथं त्यानं केलेलं काम पुन्हा करून दाखवायचं. यंत्र शून्य ते दहा असा आकडा देतं. तीनच्या आत पहिला. सहाच्या वर सराईत, मग मागचा कागद कितीही कोरा असो. पहिल्याच वर्षी जुने शिक्के बसलेल्या कितीतरी माणसांच्या घड्या विस्कटून गेलेल्या निघाल्या आणि ती सुटली. त्यामुळे कायद्याविरुद्ध फारसं कुणी बोललं नाही.

सुजलचा आकडा आला सात पूर्णांक चार. म्हणजे कमीत कमी तीन वर्षं आत.

*

सुगंधा त्याची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. कातळवण्याची पोलीस पाटील. गावात भांडण झालं, कुणी बुडालं, कुणी परका येऊन राहिला, तर त्याची खबर ठाण्याला देणारी ती. या पदावर बसलेली गावची पहिली बाई. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तिनं ते देवापुढं ठेवलं होतं आणि मग तासाभरानं पुन्हा उचलून वाचलं होतं. भावाची खबरही तिलाच द्यावी लागली. तिनं दिली.

वकील फरीदा मुकादम खाडीपलीकडच्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "सुगंधाताई, एकदाच विचारते. हा आणखी कुठं कुठं हात मारून आलाय?"

"कुठंच नाही."

"मग सात पूर्णांक चार आला कुठून? झोपेत चोऱ्या करतो?"

सुगंधा खुर्चीच्या कडेवर सरकून म्हणाली, "मॅडम, शिमगा."

फरीदाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आमच्या अब्बांची वल्ही नेली होती तुमच्या लोकांनी. आठ दिवस शिव्या घालत होते आणि हसत होते."

शिमग्याच्या दिवसांत होळीच्या होमासाठी लाकडं चोरायची, ही कातळवण्याची रीत. मागून आणलेल्या लाकडाचा होम पेटतो, पण गाजत नाही. कुणाच्या गोठ्याचं दार, कुणाचा मोडका बाक, कुणाची दगडी गडग्यावरची फळी. कडी वाजता कामा नये, कुत्रं भुंकता कामा नये. एकदा वस्तू होमाच्या माळावर पोचली की तिच्यावर मालकाचा हक्क संपला, त्यानं फक्त बोंब मारायची. बायका चिडवायला म्हणतातच:

आला शिमगा पावणा, घरधनी जागा ऱ्हा गं
दार गेलं होमाला, उंबऱ्यावर बसून पाह्य गं

"म्हणजे कडी काढून, आवाज न करता, जड वस्तू खांद्यावर," फरीदाबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "बंगल्यात केलं तेच. ही घडी शिमग्याची आहे. पण कोर्टाला ते नुसतं सांगून चालणार नाही. गावातली आणखी माणसं टोपाखाली बसवू. त्यांची घडी तशीच निघाली, तर ती रीतीची आहे, चोरीची नाही."

*

सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या गावच्या चौथऱ्यावर, सुगंधानं गोष्ट काढली तेव्हा आधी हशा पिकला. मग चढाओढ लागली.

"मी येतो. पंचक्रोशीत माज्यासारका चोर नाय."

"तू? तू मेल्या पाष्ट्यांच्या खाटंला हात घातलास, आनि खाटंवर म्हातारी व्हती!"

"म्हातारीसकट नेली असती, उठून बसली म्हनून."

सुगंधा म्हणाली, "पुढचं ऐका. आकडा सहाच्या वर गेला तर तो सरकारी नोंदीत राहतो. उद्या कुणाच्या हातनं काय चूक झाली, तर पहिली म्हणून धरणार नाहीत. पहिल्याच दिवशी सराईत."

हसू हळूहळू विझलं. एकाला दुबईला जायचं होतं. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. एक जण नुसताच उठला आणि चपला शोधायला लागला. कुणी वाईट बोललं नाही. पण बसून राहिले ते दोघंच म्हातारे, धोंडू पाष्टे आणि भिकू रेवाळे, दोघांचं मिळून वय दीडशेच्या पुढं.

धोंडूतात्या म्हणाले, "आमच्या नावावर लिवू दे काय लिवायचं त्ये. आता आमाला कोन सराईत म्हनून नेतोय? नेलंन तर दोन वेळचं जेवान तरी येळेवर."

जिल्ह्याच्या चाचणी केंद्रात तात्यांचा आकडा आठ पूर्णांक नऊ आला, भिकूआबांचा आठ पूर्णांक दोन. आबा रुसले. तंत्रज्ञ ईशान करमरकर, तिशीतला सालस माणूस, त्याला त्यांनी सांगितलं, "माजा हात त्या मोज्यात नीट बसला नाय. परत घे." तात्या सगळ्या केंद्रभर आकडा सांगत फिरले. शिपायाला सांगितला, चहावाल्याला सांगितला, आणि बाकावर बसलेल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थालाही सांगितला, "आठ पूर्नांक नऊ! अख्ख्या गावात कुनाचा नाय!"

ते गृहस्थ सरकारी वकील होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी शांतपणे मांडलं. हे दोघं अट्टल चोर असल्याचं अभिमानानं सांगतात. त्यांच्या साठ वर्षांत काय काय आलं, कुणाला ठाऊक? त्यांच्याशी तुलना कशी होणार? बरोबरीचं माणूस आणा. आरोपीच्याच वर्षांत, त्याच्याच सोबत, फक्त शिमग्यात गेलेलं.

असं माणूस एकच होतं.

बाप ट्रॉलरवर, महिना महिना समुद्रात. सुजल नऊ वर्षांचा झाला आणि शिमग्यात पोरांबरोबर जायचा हट्ट धरून बसला. आई म्हणाली, "सुगंधे, जा त्याच्या मागं. पडंल कुठंतरी." पोरी या कामाला जात नसत. चौदा वर्षांची सुगंधा बापाचा शर्ट घालून गेली. मग दरवर्षी गेली, बावीस वर्षांची होऊन गावातच लग्न लागेपर्यंत. त्यानंतर सुजलही कधी गेला नाही. कडी कधी तो काढायचा, कधी ती. दाराचं एक टोक त्याच्या खांद्यावर, एक हिच्या.

फरीदाबाईंनी तिला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "आकडा चढला तर सुजल वाचेल. पण सराईताच्या नोंदीत तुमचं नाव गेलं की पोलीस पाटीलकी गेली. घरी विचारून या."

"घरी काय विचारायचं," सुगंधा म्हणाली. "टोप कुठं आहे?"

*

चष्म्यात टेकाडावरचा बंगला उभा राहिला. पडवी, कडी, कोपऱ्यातली बॅटरी. सुगंधा उठली, हवेतच हात घातला, कडी वर उचलून बाजूला सरकवली. वाजू दिली नाही. वाकून वजन घेतलं. वळली.

ईशाननं पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा करायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

आकडा आला एक पूर्णांक आठ.

यंत्राच्या मते सुगंधानं आयुष्यात कधी दुसऱ्याच्या कडीला हात लावला नव्हता. तिचं पद शाबूत राहिलं. आणि सरकारी वकिलांचं काम परस्पर झालं. नऊ वर्षं शिमगा करूनही घडी पडत नाही, हे बहिणीनंच सिद्ध केलं. मग भावाची घडी कुठून आली? खऱ्या चोऱ्यांतून. निकालाला आठवडा राहिला होता.

सुगंधा तुरुंगात भेटायला गेली. मधे काच होती. काचेत भोकं होती. तिनं तोंड भोकांजवळ नेलं.

"सुजल, माझ्याशी खोटं बोलू नको. आधी कुठं केलंस?"

"ताय, तूसुदीक?"

"माझा आकडा एक पूर्णांक आठ आला. तुझा सात पूर्णांक चार. आपण दोघं एकाच दारानं गेलो होतो ना? मग?"

"मला काय म्हाईत? मी टेम्पो चालवतो, मेंदू नाय." त्यानं काचेवर बोट टेकवलं. "ती बॅटरी नेली, त्ये वाईट केलं. त्याची काय ती शिक्षा द्या. पन दुसरं कायबी नाय. आयेची आन."

आईची आण घेताना त्याची मान खाली गेली नाही. पण सुगंधा वर्षानुवर्षं पाटीलकी करत होती. मान ताठ ठेवून आण घेणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. बाहेर येऊन ती नळावर किती तरी वेळ तोंड धूत राहिली. आपल्याच भावावर संशय आला, हे तिला त्याच्या चोरीपेक्षा जड गेलं.

*

तिथून ती थेट चाचणी केंद्रात गेली. ईशान डबा उघडून जेवायला बसला होता.

"साहेब, जेवा तुम्ही. जेवता जेवता सांगा. मी नऊ वर्षं गेले. ते कुठं गेलं?"

ईशाननं घास खाली ठेवला. "मलाही तेच कळेना. म्हणून परवा तुमचा आलेख पुन्हा काढला. बघा." पडद्यावर दोन रेघा होत्या. एक सुजलची, सुरुवातीला उंच, शेवटी उंच, मधे सपाट. दुसरी सुगंधाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत करवतीच्या दात्यांसारखी.

"प्रत्येक पायरीवर तुमचा मेंदू जागा आहे. कडीला जागा, उंबऱ्याला जागा. आणि इथं," त्यानं खालची तांबडी पट्टी दाखवली, "इथं भीती आहे. भीती जोराची असेल, तर ती मेंदूला झोपू देत नाही. घडी पडायला थोडी बेफिकिरी लागते. काम कितीही वेळा करा, दर वेळी तेवढंच भ्यायलात, तर मेंदूला ते दर वेळी नवंच."

"म्हणजे मी नऊ वेळा पहिल्यांदाच गेले."

"यंत्राच्या भाषेत, हो."

"आणि हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?"

ईशान ओशाळला. "अशी शंका काही जणांनी काढली होती. पण पुरावा कुठून आणायचा? आकडा कमी आलेला कोणता माणूस आपणहून सांगेल, की मी नऊ वेळा केलंय म्हणून?"

सुगंधा उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "जेवा. भाजी निवली तुमची."

*

साक्षीच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता.

"पहिल्या वर्षी धोंडूतात्या पाष्ट्यांच्या गोठ्याचं दार. कडी मी काढली. दुसऱ्या वर्षी रेवाळ्यांच्या गडग्यावरची फळी. तिसऱ्या वर्षी शाळेचा बाक, त्याचा एक पाय मोडका होता. चौथ्या वर्षी पुन्हा तात्यांच्या गोठ्याचं दार."

"तेच?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, नवं. जुनं तर जाळलं होतं."

कोर्टात कुणी तरी फिसकन हसलं. मागच्या बाकावरून तात्या उठले. "खरं हाय सायब! सागाचं व्हतं! मला इतकी वर्सं वाटलं भिक्यानं नेलंन!"

त्यांना बसवण्यात आलं. सुगंधा नऊ वर्षांची नऊ लाकडं सांगून थांबली.

सरकारी वकील उठले. "बाई, शास्त्रीय चाचणी म्हणते, तुम्ही असं काही कधीच केलेलं नाही."

"चाचणी माझ्याबरोबर नव्हती साहेब. तात्यांचं कुत्रं होतं."

"भावासाठी तुम्ही स्वतःला गुन्हेगार म्हणवून घेताय."

"गुन्हेगार म्हणायचं की शिमगा, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, की दोघं एकाच दारानं गेलो, सारख्याच वेळा गेलो. तुमचं यंत्र त्याला सराईत म्हणतं आणि मला म्हणतं पहिली. मग ते वेळा मोजत नाही. दुसरंच काही तरी मोजतंय."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पोलीस पाटील आहात. हा जबाब शपथेवर आहे. याचे परिणाम तुम्हाला समजतात?"

"समजतात," सुगंधा म्हणाली. कठड्यावर ठेवलेले तिचे हात थरथरत होते. ते तिनं खाली घेतले नाहीत. समोर सुजल उभा होता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

फरीदाबाईंनी ईशानला पिंजऱ्यात बोलावलं. त्यानं दोन्ही आलेख दाखवले आणि स्वतःच्या यंत्राविरुद्ध, थोडं अडखळत, खरं ते सांगितलं.

निकाल लहानसा होता. गुन्हा किती वेळा घडला हे कायद्याला पाहायचं आहे. यंत्र फक्त काम किती सहज झालं ते सांगतं. सहजपणा हा मागचा गुन्हा नव्हे. म्हणून सुजल भुवड यास प्रथम गुन्हेगार धरण्यात येतं. वस्तू परत, नुकसानभरपाई, वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड.

त्याच दुपारी सुगंधाला प्रांत कार्यालयाचं पत्र मिळालं. शपथेवरचा जबाब पाहता पुढील आदेशापर्यंत पदावरून दूर करण्यात येत आहे. तिनं ते उभ्यानं वाचलं आणि घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं.

*

परतीच्या एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. घाट उतरल्यावर सुगंधाच म्हणाली, "तुरुंगात मी तुला तसं विचारायला नको होतं."

"इचारनारच. पाटलीन तू."

"होते."

सुजलनं खिडकीची काच खाली ओढली.

"खरंच सांग," ती म्हणाली. "नऊ वर्षांत तुला एकदासुद्धा भीती वाटली नाही? नऊ वर्षांचा होतास रे पहिल्यांदा. माझी पोटरी लटपटत होती."

"नाय." त्यानं थोडा विचार केला. "तू मागं असायचीस ना. मग मी कशाला भिऊ?"

सुगंधानं पदर सारखा केला. पुढच्या बाकावरचं पोर मागं वळून तिच्याकडे बघत होतं. त्याच्याकडे बघून ती हसली, पण ते मनातून आलेलं नव्हतं.

नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा सुजल म्हणाला, "ताय, ऑर्डरीत लिवलंन हाय. दर म्हैन्याला पोलीस पाटलाकडं हजेरी द्यायची. आता तुज्या जागी नवा येनार. त्यो काय बोलंल, चार मानसांत काय इचारंल..." तो थांबला. "पैल्या खेपंला तेवडी येशील माज्यासंगती? नुसती दाराशी उबी ऱ्हा."

गाडी फाट्याला लागत होती. सुगंधा उठली, वरच्या फळीवरची पिशवी काढून तिनं त्याच्या हातात दिली.

"नाही," ती म्हणाली. "या खेपेला एकटा जा."